एमटीबी (डोंगरी सायकल) राईडला निघताना पिशवीत काय काय नेता? आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरतोय, टेकड्यांवरच्या वाटा सुकायला लागतील, दसऱ्याला नव्या सायकली घेणारेही बरेच असतील, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. दुकानातल्या याद्या नकोत. तुमच्या सायकलवर, तुमच्या वाटेवर खरंच काय कामाला आलं आणि काय नसल्यामुळे अडलं ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी पुण्यात वेताळ टेकडीवर जातो आणि आमच्याकडे मुख्य त्रास काट्यांचा. मागच्या उन्हाळ्यात एकटाच होतो, मागचं चाक बसलं. स्पेअर ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर, मिनी पंप सगळं बरोबर होतं, दहा मिनिटांत ट्यूब बदलली आणि शंभर पावलं गेलो नसेन तोच परत हवा गेली. काटा टायरमधेच होता. बाहेरून तुटून सपाट झालेला, त्यामुळे दिसत नव्हता, आणि आतून जेमतेम दोन मिलिमीटरचं काळं टोक वर आलेलं. आता पिशवीत एक सुती रुमाल असतो, नवी ट्यूब घालायच्या आधी तो टायरच्या आतून गोल फिरवायचा, काटा असेल तिथे धागा अडकतो आणि बोट फाटत नाही. शिवाय भुवयांसाठी मिळतो तसला छोटा चिमटा, कारण तुटलेला काटा नखाने निघत नाही म्हणजे नाहीच. त्या दिवशी दुसरी ट्यूब गेल्यावर पॅच काढले तर सोल्युशनची ट्यूब पूर्वी एकदा उघडलेली, आत वाळून रबर झालेलं. तीन किलोमीटर ढकलत आलो. सोल्युशन न उघडलेलंच न्या, आणि लावल्यावर चार-पाच मिनिटं सुकू द्या, ओलं असताना चिकटवलेला पॅच टिकत नाही.

सातारा. माझा अनुभव हँगरचा. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मधून कच्चे रस्ते आहेत, तिथे एका दगडाला मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आपटला आणि सरळ स्पोकमधे गेला. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम नरम बनवतात म्हणजे आधी तो मोडेल आणि फ्रेम वाचेल. माझा मोडला. स्पेअर नव्हता, पण मल्टीटूलला (घडीच्या अवजारांचा जुडगा) चेन तोडायचा चेन ब्रेकर होता आणि खिशात चेन जोडायची सुटी कडी, म्हणजे क्विक लिंक, म्हणून चेन तोडून आखूड केली, मधल्या एका गिअरवर सरळ रेषेत बसवली, लटकणारा डिरेलर केबल टायने फ्रेमला आवळून बांधला आणि एकाच गिअरवर साताऱ्यात उतरलो, चढ आला की उतरून चालायचं. दोन गोष्टी सांगतो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, मित्राचा आपल्याला बसत नाही, सायकल घेतानाच दुकानदाराकडून एक जास्तीचा मागून घ्या. आणि क्विक लिंक आपल्या चेनच्या स्पीडचीच (मागे जितकी गिअरचक्रं तितक्याचीच) हवी, 9 स्पीडच्या चेनला 11 ची चालत नाही.

ठाणे, येऊरला जातो. छोटंसंच लिहितो पण कोणी सांगत नाही म्हणून. स्पेअर ट्यूब आणि मल्टीटूल एकाच पिशवीत सुटे ठेवू नका! सहा महिने हादरे खाऊन मल्टीटूलच्या कडेने माझी नवीकोरी ट्यूब घासून तिला भोक पडलेलं, ते कळलं नेमकं गरजेच्या वेळी. आता ट्यूब जुन्या मोज्यात घालून ठेवतो. तोच मोजा चेनला हात लावताना हातात घालता येतो.

मी सोलापूरची बाजू मांडतो, वय 61. रस्ता सोडून शेताच्या बांधावर चाक गेलं की सराटे. एकेका टायरला पंधरा-वीस काढलेत मी. ट्यूबलेस करून घेतलं, म्हणजे आत ट्यूब नाही, सीलंट नावाचं द्रावण, तेव्हापासून बारीक भोकं त्या सीलंटनेच बुजतात, पण आमच्या उन्हात ते सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं, हलवून आतून पाण्यासारखा आवाज येत नसेल तर नवीन भरायचं. मोठ्या भोकासाठी चिकट दोरीचे प्लग आणि ते आत खुपसायची सुई. आणि टायर कडेने चिरला तर प्लगही धरत नाही. माझा खडीवर बोटभर चिरला होता. टपरीवर चहा प्यायला थांबलेला एकजण म्हणाला काका दुधाची पिशवी लावा. रिकामी पिशवी पुसून चौघडी केली, चिरेच्या आतून ठेवली, वर ट्यूब, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी, आणि 22 किलोमीटर घरी आलो. टायर सोडवून बघितला तर पिशवी जशीच्या तशी. तेव्हापासून घडी घातलेली पिशवी पंपाला रबरबँडने बांधलेली असते.

काका, तुमचे सराटे इथे ॲरिझोनातही आहेत! मी फिनिक्सजवळ राहते, इथे त्याला गोटहेड म्हणतात, वनस्पती तीच, आपला गोखरू. पण इथला खास त्रास म्हणजे चोया नावाचा निवडुंग, त्याचे गोळे नुसता स्पर्श झाला की पोटरीला चिकटतात, हाताने काढायला गेलं तर हातालाही. त्यासाठी सगळे केसांची फणी बाळगतात, गोळ्याच्या खाली फणी सरकवायची आणि झटक्यात उडवायची, राहिलेले काटे चिमट्याने. माझ्या बॅगेत आईने पाठवलेली लाकडी फणी आहे. आणि पाणी. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधी निघते, दोन तासांच्या राईडला तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. दोनदा तिसरा लिटर पुरा संपलाय, म्हणून वजनाकडे बघून तो कमी करत नाही.

कोल्हापूर. मी टूल्सबद्दल नाही, जखमेबद्दल लिहिते. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण मसाई पठाराच्या उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला जाऊन हँडलवरून उडून पडली. कोपरात खडी घुसलेली, मनगट सुजायला लागलेलं, आणि आम्ही पाचजणी, पाचही पंप होते पण एकीकडेही बँडेज नव्हतं. ओढणी फाडून बांधली. मोबाईलला रेंज नव्हती, एकजण अर्धा किलोमीटर मागे जाऊन 108 ला बोलली. आता माझ्याकडे एका झिपच्या पिशवीत क्रेप बँडेज, गॉझ, चिकटपट्टी, बीटाडिनची छोटी ट्यूब आणि एक शिट्टी असते. जखम आधी पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवायची, खडी आत ठेवून वर मलम लावायचं नाही. कागदावर रक्तगट आणि घरचा नंबर लिहून तोही त्याच पिशवीत, कारण लॉक केलेला फोन दुसऱ्याला उघडत नाही.

सिंधुदुर्गातून. आमच्याकडे लाल माती, पावसात ती ब्रेक पॅड सँडपेपरसारखी खाते. एका पावसाळी राईडमधे घाट उतरता उतरता पॅड संपून लोखंडावर लोखंड. पॅडचा जोड चवलीएवढा असतो, वजन नाही, न्याच. बदलताना पॅड दाबणारे पिस्टन टायरच्या लिव्हरने हळू मागे ढकला, आणि चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन बसतात. हाताला चेनचं तेल असेल तर पॅडला बोट लावू नका.

नाशिकहून, मी अगदी नवीन आहे, पहिली सायकल 29 इंची चाकांची. सगळं वाचून खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. एक विचारायचं होतं, हवेसाठी सीओटूची (दाबून भरलेल्या वायूची) डबी घेऊ की पंप?

नाशिककर दादा, पंपच घ्या. डबी एकदाच चालते, पॅच लावताना चुकलं तर हातात काही राहत नाही. मी 16 ग्रॅमची एक डबी नेतो पण ती पंपाच्या जोडीला, शर्यत असेल तेव्हा. आणि पंप घेताना जाड टायरसाठीचा, जास्त हवा ढकलणारा घ्या, रोड सायकलच्या बारीक पंपाने 29 चा टायर भरताना हात भरून येतात. आधी घरी एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा, तेवढं नक्की करा.

पुन्हा नाशिककर. दादा, काल रात्री हॉलमधे वर्तमानपत्र अंथरून करून बघितलं. मागचं चाक काढायला 6 ची एलन की लागली, ती मल्टीटूलमधे होती. पाऊण तास गेला. पण नवी ट्यूब बसेचना, मी आणलेल्या ट्यूबचा व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड आणि माझ्या रिमचं भोक बारीक, प्रेस्टा नावाच्या बारीक व्हॉल्वचं. सकाळी दुकान उघडलं की बदलून आणतो.