मदत हवी आहे: फ्रान्सच्या द्राक्षपट्ट्यात वडिलांसोबत माऊंटन बायकिंग (व्हेझों, जिगोंदास परिसर)

मांडवाखाली

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. साडेचार एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत, सगळी मांडवावर. गेली आठ वर्षं माऊंटन बाइक चालवतो. रविवारी पहाटे रामशेजच्या बाजूला किंवा गंगापूर धरणाच्या मागच्या कच्च्या वाटांवर असतो. खडकाळ उतार, सुटे दगड यांची सवय आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या पूर्वेला दाँतेल द मोंमिराय नावाचे चुनखडीचे सुळके आहेत. त्यांच्या पायथ्याशी जिगोंदास, साब्ले, सेग्युरे, व्हाकेरास ही वाईनची गावं, आणि जवळच व्हेझों हे जरा मोठं गाव. तिथे वेलींमधून जाणाऱ्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायची, हे माझं फार दिवसांचं मनात आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी, म्हणजे फळासाठीची, छाटणी. यंदा गोडी छाटणी १० ऑक्टोबरनंतर धरतोय, म्हणून १२ ते २८ सप्टेंबर एवढाच काळ हातात आहे.

आणि वडील सोबत येणार आहेत. वय ६३. डावा गुडघा दुखतो, पण साधी सायकल गावात रोज चालवतात. चाळीस वर्षं द्राक्षात घालवलेला माणूस आहे. मांडव नाही, तार नाही, ठिबक नाही, तरी गुडघ्याएवढी वेल उभी राहते आणि माल देते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

मला विचारायचंय ते असं:

सप्टेंबरमध्ये तिथे तोडणी चालू असणार. अशा वेळी बागेतून सायकल घालणं बरोबर आहे का? आमच्या बागेत अनोळखी माणूस शिरला की मला कसं होतं ते मला माहीत आहे, तसं दुसऱ्या शेतकऱ्याला व्हायला नको. सार्वजनिक वाट कुठली आणि खाजगी कुठली हे ओळखायचं कसं?

वडिलांसाठी ई-बाइक घ्यावी का? तिथे त्यांना झेपेल असा रस्ता कुठला?

वडील माळकरी आहेत, वाईनचा थेंब घेणार नाहीत. वाईनवाल्याच्या दारात जाऊन न पिता परतलो तर त्याला अपमान वाटेल का? जेवणाचं काय करावं?

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ल्योंकर

मांडवाखाली, धागा वाचून फार बरं वाटलं. मी अकरा वर्षं फ्रान्समध्ये ल्यों शहरात आहे आणि वर्षातून दोनदा तरी व्हेझोंला जाते.

आधी वाटांचं. फ्रेंचमध्ये माऊंटन बाइकला ‘व्हेतेते’ म्हणतात. एक त्रिकोण आणि त्याला चिकटून दोन गोल, अशी खूण खांबांवर दिसेल. शेजारी मार्गाचा क्रमांक असतो आणि त्याचा रंग अवघडपणा सांगतो: हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, काळा. ही खूण असलेल्या वाटेवर निःशंक जा. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ किंवा ‘शमँ प्रिव्हे’ अशी पाटी असेल तर ती खाजगी, तिथून मागे फिरायचं. दोन ओळींच्या मधे तर पाटी असो वा नसो, सायकल घालायची नाही. बागेच्या कडेने ट्रॅक्टर वळायला जागा सोडलेली असते, ती वाट वाटते पण वाट नसते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही म्हणा.

तोडणीच्या दिवसांत सकाळी लवकर ट्रॉल्या भरून खाली येतात, रस्ते अरुंद आणि वळणाचे. ट्रॉली दिसली की उतरून कडेला उभं राहा आणि ‘बोंजूर’ म्हणा. त्या एका शब्दाने तिथे निम्मी कामं होतात. आधी बोंजूर न म्हणता प्रश्न विचारला तर ते उद्धट समजतात.

वडिलांना एक गोष्ट जरूर सांगा. वेलींवरच्या बुरशीसाठी बोर्डो मिश्रण तेही मारत असतीलच. ते सापडलं कसं, तर १८८२ मध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर बागाईतदार मोरचूद आणि चुना शिंपडायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत, निळा थर बघून विषारी वाटावीत, एवढ्यासाठीच. बोर्डोचे प्राध्यापक मिलार्दे तिथून जात होते. त्यांनी पाहिलं, की आतल्या वेलींची पानं डाऊनी रोगाने गळलीत आणि रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार उभ्या आहेत. त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. तेव्हा कडेच्या घडाला हात लावायचा नाही, हा तिथला नियम फार जुना आहे!

वाईन न पिण्याचं अजिबात मनावर घेऊ नका. गाडी चालवणारे लोक चव घेऊन थुंकतात, त्यासाठी भांडंच ठेवलेलं असतं. शिवाय रक्तातल्या मद्याची लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा तिथे सायकलस्वारालाही लागू आहे. बाबांसाठी ‘ज्यू द रेझँ’, म्हणजे द्राक्षाचा रस, मागा.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेलं गीत भाड्याने घ्या. गीत म्हणजे खेड्यातलं सुटीचं घर. व्हेझोंचा मंगळवारचा बाजार मोठा असतो. भाजी, कडधान्य, ऑलिव्ह, शेळीच्या दुधाचं चीज सगळं मिळतं. दुपारी साडेबारा ते तीन गावातली दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर तर काहीच मिळत नाही.

घाटवाट

मी पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये तिथे पाच दिवस चालवली. ताईंनी माणसांचं सांगितलं, मी दगडांचं सांगतो.

टायर ट्यूबलेस करून जा आणि सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) ताजं भरा. चुनखडीच्या चिपा धारदार असतात, तळाला काही होत नाही पण टायरची बाजू कापतात. माझं मागचं टायर जिगोंदासच्या वर असंच फाटलं, करंगळीएवढी चीर. आतून दुधाच्या पिशवीचा तुकडा लावून ट्यूब घातली आणि खाली आलो. तेव्हापासून एक ट्यूब आणि जाड प्लास्टिकचा तुकडा कायम खिशात असतो.

तुम्हाला एका दिवसात धरायला: सेग्युरे, जिगोंदास, तिथून कोल द्यू कायरों (३९६ मीटर, चढ कच्चा आणि सुरेख), पलीकडे लाफार, मग स्युझेत आणि मालोसेन. स्युझेतच्या खिंडीत थांबा. एका बाजूला सुळके, दुसरीकडे १,९०० मीटरहून उंच व्हाँतू डोंगर आणि मधे पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. मी तिथे तासभर बसून होतो.

स्युझेतच्या आसपास राखाडी मार्ल, म्हणजे चुनखडी मिसळलेली चिकणमाती, आहे. कोरडी असताना उत्तम, भिजली की आपल्या काळ्या मातीसारखी. चाकाला चिकटत चिकटत फोर्कमध्ये इतकी दाटते की चाक फिरायचं थांबतं. पाऊस पडला तर दोन दिवस त्या बाजूला जाऊ नका, आपल्या चाकोऱ्या तशाच वाळून राहतात आणि बागवाल्याला त्रास होतो.

पावसाला हलकं घेऊ नका. सप्टेंबरअखेर समुद्रावरून येणारे ढग तिथे काही तासांत महिन्यांचा पाऊस ओततात. २२ सप्टेंबर १९९२ रोजी व्हेझोंमध्ये उव्हेझ नदीला असा लोंढा आला की अनेकांचा जीव गेला. पाणी रोमन पुलाच्या वरून गेलं आणि तो दोन हजार वर्षांचा पूल मात्र टिकला. ‘मेतेओ फ्रान्स’ या तिथल्या हवामान खात्याचा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी ओढ्याच्या वाटेने उतरायचं नाही, कोरडा दिसला तरी.

उन्हाळ्यात आगीच्या भीतीने जंगलात जायला बंदी घालतात, ती सप्टेंबरातही लागू शकते. आदल्या संध्याकाळी प्रीफेक्चरच्या (जिल्हा प्रशासनाच्या) संकेतस्थळावर बघून ठेवा. आणि सप्टेंबरमध्ये शिकार सुरू होते. रानडुकरांसाठी हाका घालतात. ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली की सरळ दुसरी वाट धरा. अंगात भडक नारिंगी किंवा पिवळं काहीतरी असू द्या, वडिलांच्याही.

प्रवास विमा काढताना माऊंटन बायकिंग त्यात धरलंय का ते शब्दशः वाचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच, पण साध्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. माझ्या मित्राच्या वेळी हे हात मोडल्यावर कळलं.

ल्योंकर

बाबांच्या रस्त्याचं राहिलंच. ई-बाइक घ्याच, गुडघ्यासाठी तीच बरी. पण ती तिथेच भाड्याने घ्या, कारण एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. पहिले दोन दिवस ‘व्हिया व्हेनेसिया’वर न्या. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट आहे, जोंकिएर, सारियाँ करत कार्पाँत्रा शहरापर्यंत जाते. सपाट, मोटारी नाहीत, दोन्ही बाजूंना बागा. मग व्हेझोंहून सेग्युरे, साब्ले असा लहान डांबरी रस्ता.

त्यांना हवी ती गुडघ्याएवढी वेल इथे पावलोपावली दिसेल. बहुतेक ग्रनाश जातीची, पेल्याच्या आकारात छाटलेली, प्रत्येक खोड स्वतःच्या पायावर उभं. अपेलासिओंच्या (वाईनला गावाचं नाव लावण्याच्या) नियमांत पाणी देण्यावर कडक बंधनं आहेत, त्यामुळे मुळं खोल जातात. उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटला की पानं खडखडीत कोरडी होतात आणि बुरशीला थारा मिळत नाही. त्या दिवशी सायकल मात्र दक्षिणेकडे जाताना चालवा आणि उत्तरेकडे येताना बाबांची बॅटरी भरलेली ठेवा.

पॅरिसहून आव्हिन्योंला टीजीव्ही (वेगवान रेल्वे), तिथून कार्पाँत्राला टीईआर (प्रादेशिक रेल्वे). टीईआरमध्ये सायकल तशीच चढवता येते. बहुतेक टीजीव्हींत सुटी करून पिशवीत घालावी लागते.

आणि बाबांना एक वाक्य शिकवा: ‘झ स्वी व्हितिक्युल्तर आँ नँद’. मी भारतात द्राक्षं पिकवतो. एवढं म्हटलं की कोणी कामात नसेल तर बागेत नेऊन दाखवेल, तोडणीच्या धांदलीतसुद्धा. फक्त दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका.

मांडवाखाली

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. मिलार्देची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मोरचूद त्यांनी लहानपणी हाताने कालवलंय, ते चोरांसाठी शिंपडलेलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

असं ठरवतोय: व्हेझोंमध्ये गीत, पहिले दोन दिवस सायकलवाट, मग एक दिवस मी डोंगरात आणि एक दिवस दोघं खालच्या रस्त्यावर, असं आलटून पालटून. मार्लकडे पाऊस नसेल तरच. वडील सोबत निळ्या पानांचा फोटो नाही, आमच्या मांडवाचे फोटो नेणार आहेत, दाखवायला.

ते वाक्य त्यांनी फवारणीच्या वहीत मागच्या पानावर देवनागरीत उतरवून घेतलंय. सकाळपासून म्हणून बघतायत. ‘व्हितिक्युल्तर’मधला शेवटचा ‘र’ घशातून काढायचा की जिभेने, तेवढं सांगा.

ल्योंकर

घशातून. पण जिभेने म्हटला तरी चालेल. तिकडचे काही म्हातारे शेतकरी अजून जिभेनेच म्हणतात.