पहिली इंटर्नशिप, पहिली नोकरी: आपल्याकडच्या पोरांना तयार करतानाचे अनुभव (मराठवाडा)

वाळूजकर
काल पुतणीचा फोन. "काका, कंपनीचा मेल आलाय, उलट काय लिहू?" पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, प्रोजेक्ट स्वतः केलेला, अन् दोन ओळींवर अडली. मला संभाजीनगरजवळची आमची वाळूज एमआयडीसी आठवली. डिप्लोमा करून बजाजनगरात रूम घेतलेली पोरं आम्ही. मुलाखतीला गेलं की साहेब व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक पिन हातात द्यायचे, माप सांग म्हणायचे. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी हे तोंडपाठ, पण व्हर्निअर नीट धरलेलंच नाही, कारण कॉलेजात ते कपाटात, कपाटाला कुलूप! रूमवर परतूरचा एक सीनियर होता. तो सेकंड शिफ्ट करून आला की आम्हाला भंगारातले पीस मोजायला लावायचा. जबडे घट्ट दाबलेस की शिवी. त्याच्यामुळं आम्ही सगळे नोकरीला लागलो.
आता शनिवारी मीही चार पोरं घरी बोलावतो. तुम्हाला असं कोणी भेटलं का? तुम्ही कोणाला शिकवताय का? लिहा.

नांदेडची_सीए
माझ्याकडं आर्टिकलशिपला (सीए होण्याआधी सीएच्या ऑफिसात काम शिकायचं असतं ती) पोरगं येतं ते वडिलांना घेऊन, अन् बोलतात वडीलच. "मॅडम, पोरगं हुशार हाय, ठिवून घ्या." मी वडिलांना बाहेर चहा सांगते आणि पोराला म्हणते, आता तू बोल. बराच वेळ नुसतं "हो मॅडम". २०२३ पासून आर्टिकलशिप तीनाची दोन वर्षं झाली, बुजण्यात घालवायला वेळ कुठाय? म्हणून पहिल्याच आठवड्यात क्लायंटला फोन लावायला देते. "बँक स्टेटमेंट पाठवा", एवढंच बोलायचं. एक पोरगी आधी वहीत लिहून घ्यायची, "नमस्कार" सकट. आज तीच बँक ऑडिटला मॅनेजरशी भांडून कागद आणते.

उदगिरी_बोका
वडिलांच्या मुद्द्याला +१. आमच्या पप्पांनी एचआरला "पोरगं निर्व्यसनी आहे" असं सांगितलेलं. झालं की सिलेक्शन 😂

कृषिकन्या
रावे (कृषी पदवीत गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं असतं ते) केलेलं कोणी आहे का इथं? आम्ही परभणीचे. मारुतीच्या देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. नाला, विहिरी, शाळा, सगळं. सगळा गाव कौतुक करतोय अन् एक आजी म्हणते, "माय, माझं घर इसरलीस की." पुन्हा वाकून तिचं घर काढलं, मग दारातली म्हैसही काढायला लावली. पुढं जालन्याला बियाणं कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, शेतकरी ऐकत नसला तर काय करशील? मी हेच सांगितलं. पुस्तकातलं उत्तर त्यांना नकोच होतं. ज्युनिअर्सना म्हणून सांगते, रावेची डायरी एकमेकींची उतरवू नका, पुढं त्यातलंच विचारतात.

तपोवनप्रवासी
वाळूजकर, बजाजनगरात कुठं? आम्ही रांजणगावला होतो. रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी, आठवतंय का?

वाळूजकर
आठवतंय की. दुपारीच दोन पोळ्या जास्तीच्या खिशात 😄

लातूरची_लेक
आमच्याकडं बारावीला कुठली टेस्ट सिरीज लावायची हे पानवालाही सांगतो, पुढचं कोणी सांगत नाही. भावाला पुण्यातल्या एका कंपनीनं "इंटर्नशिप" दिली, अन् आधी पैसे भरा म्हणे, सर्टिफिकेट मिळेल. मी म्हटलं, बाबा, काम तू करणार आणि पैसे पण तूच देणार? त्यांना विचार, रोज काम काय आणि ते तपासणार कोण. विचारलं, तर फोन उचलायचेच बंद झाले. आता तो एमआयडीसीत एका ऑइल मिलच्या लॅबमध्ये जातो. सोयाबीनची आर्द्रता मोजतो, स्टायपेंड तुटपुंजा, पण शिकायलाय.

बीडचा_बाळ्या
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण, ती ऑफिसात काम शिकत महिन्याला पैसे मिळायची सरकारी योजना, मला चालंल का? शेवटचं वर्ष चालू आहे. घाईत लिहितोय, दळण घेऊन जायचंय.

झेडपीवाला
नाही बाळ्या. शिक्षण चालू असताना नाही, रिझल्ट लागू दे. योजना २०२४ ची. सुरू झाली तेव्हा बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० असं होतं. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून आधार लिंक आधी बघून घे.
आमच्याकडं या योजनेत आलेल्या पोराला सगळे झेरॉक्सला पिटाळायचे. मी त्याला आवक-जावक रजिस्टर दिलं. कुठलं पत्र कोणत्या टेबलावर अडकलं हे तो महिन्याभरात सांगायला लागला, मग काही जणांना तो नकोसा झाला 🙂 जाताना त्याला पत्र दिलं, त्यात "कार्यालयीन कामकाज" असं मोघम न लिहिता काय काय केलं ते सगळं लिहिलं. एवढं तरी साहेब लोकांनी करावं. पोराला पुढं दाखवायला तोच कागद असतो.

नांदेडची_सीए
झेडपीवाले, त्या पत्राचा मसुदा इथं टाका ना. आमच्या ऑफिसातही एकच छापील नमुना चालू आहे.

झेडपीवाला
टाकतो ताई, रात्री. मीटिंगला बसलोय.

उदगिरी_बोका
पत्रात "निर्व्यसनी" टाकायला विसरू नका.