मदत हवी आहे: दोन लॅपटॉप एकदम अपलोडला लागले की वायफाय कोलमडतं

राउटर मधल्या खोलीत, एक लॅपटॉप पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या; मध्ये जाड दगडी भिंती. एकेकटा चालवला तर अपलोड झकास. दोन्ही एकदम सुरू केले की पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ४ वरून थेट ९०० मिलिसेकंद! वायफायच्या सीएसएमए-सीए या पद्धतीत प्रत्येकानं आधी कानोसा घेऊन मगच बोलायचं असतं, पण या दोघांना एकमेकांचं ऐकूच येत नसावं. शेजारी ठेवले की त्रास नाही, म्हणून हिडन नोडचा संशय, म्हणजे राउटरला दोघं ऐकू येतात, पण एकमेकांना नाही, आणि त्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात.

चॅनेल १, ६, ११ तिन्ही पाहिले. राउटरवर आरटीएस थ्रेशोल्ड (इतक्या बाइटपेक्षा मोठी फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, पाठवण्याआधी परवानगी मागायची ती मर्यादा) २३४७ वरून ५०० केला, फरक शून्य. ५ गिगाहर्ट्‌झ बँड मागच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही, केबलला घरमालक नको म्हणतात.

राउटरवरचा थ्रेशोल्ड फक्त राउटरच्याच फ्रेमना लागू होतो का? तसं असेल तर लॅपटॉपवर, लिनक्समध्ये, तो कसा बदलायचा?