कोअर मोजून प्रोसेसर घेऊ नका

वर विचारलंय की सांगलीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर बिलिंगसाठी जुना १४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) झिऑन ई५-२६८० व्ही४ हा इंटेलचा सर्व्हरवाला प्रोसेसर घ्यावा, की ६ कोअरचा साध्या डेस्कटॉपचा आय५-१२४००. माझं मत सरळ आय५.

झिऑन २०१६ चा, टर्बोला, म्हणजे जास्तीत जास्त वेगाला, ३.३ गिगाहर्ट्झ. आय५ २०२२ चा, ४.४ पर्यंत जातो, शिवाय घड्याळाच्या (क्लॉकच्या) दर ठोक्याला कामही जास्त उरकतो. बिलिंग सॉफ्टवेअर बहुतेक वेळ एक-दोन कोअरच राबवतं, बाकीचे बारा नुसते बसून. हमाल चौदा, पोतं एकच!

सर्व्हरच्या प्रोसेसरची खरी मिजास वेगळीच. मेमरीचे चार चॅनेल (डेटा ये-जा करायच्या वाटा), ईसीसी रॅम (एखादा बिट उलटला तर जागच्या जागी दुरुस्त), शेकडो जीबी मेमरी. दहा व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) रात्रंदिवस चालवायच्या असतील तर तो राजा आहे. पेढीवर एवढं कोण चालवतंय?

आणि एक, या झिऑनमध्ये ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतो. मी विश्रामबागेत घरी असाच जुना सेट जोडला होता. पंखे भणाणत होते, स्क्रीन मात्र काळी. अर्धा तास रॅम काढ-घाल केली, मग डोक्यात प्रकाश पडला. ग्राफिक्स कार्ड वेगळं आणावं लागलं, म्हणजे स्वस्ताई तिथंच संपली. त्यात त्याची सर्व्हरवाली रजिस्टर्ड रॅम पुढे साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही, ती पडूनच आहे.

व्हिडिओ रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं, त्यात सगळे कोअर राबतात) करणार असाल तर मात्र सांगा, मग हिशोब थोडा बदलतो.