शब्दचर्चा : ‘शमुवेल’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : बायबलात हन्ना मुलाचे नाव शमुवेल ठेवते, कारण तिने त्याला परमेश्वराकडे मागून घेतले होते (१ शमुवेल १:२०). नावांच्या याद्यांत मात्र ‘देवाने ऐकले’ असा अर्थ देतात. बरोबर कोणता?

उत्तर : अक्षरे पाहिली तर दोन्ही बसत नाहीत. ‘ऐकणे’ या हिब्रू धातूत शेवटी आयिन हे अक्षर असते आणि शमुवेलमध्ये ते नाही. ते आहे इश्माएलमध्ये : इश्मा म्हणजे ‘तो ऐकतो’, एल म्हणजे देव. शमुवेलची फोड सहसा शेम (नाव) आणि एल अशी करतात. ‘त्याचे नाव एल’ किंवा ‘देवाचे नाव’.

मग हन्नाचे मागणे कुठून आले? ‘मागणे’चा धातू शाअल. त्यावरून सरळ होणारे नाव शौल, ‘मागितलेला’, म्हणजे इस्राएलचा पहिला राजा! त्याच अध्यायाच्या २८व्या वचनात हन्ना मुलाला परमेश्वराच्या हवाली करते, तेव्हा हिब्रूत चक्क ‘हू शाऊल’ असे शब्द आहेत. त्यामुळे ही जन्मकथा मुळात शौलाची असावी, असे काही अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. आठव्या अध्यायात लोक राजा मागतात तिथेही हाच धातू येतो. आईने मागितलेला मुलगा आणि लोकांनी मागितलेला राजा, हे दोघे कथाकाराने जाणूनबुजून समोरासमोर ठेवले आहेत. म्हणून शास्त्रातल्या नावांचा व्याकरणातला अर्थ वेगळा नोंदवावा आणि कथेतला वेगळा. एकाने दुसरा खोडू नये.

मोशेचेही असेच. फारोची मुलगी ‘पाण्यातून बाहेर काढला’ म्हणून नाव देते (निर्गम २:१०), पण हिब्रू रूपाप्रमाणे मोशे म्हणजे ‘बाहेर काढणारा’. शिवाय इजिप्तची राजकन्या हिब्रूत नाव कशाला ठेवेल? थुतमोस, अहमोस या इजिप्शियन नावांत ‘जन्मलेला’ या अर्थाचा जो भाग आहे, तोच इथे असावा, हे मत बहुतेकांना मान्य आहे. तरी ज्याने पुढे लोकांना समुद्रातून पार काढले त्याला ‘बाहेर काढणारा’ किती शोभते!

प्रश्न : शौलाच्या मुलाचे नाव एका ठिकाणी एश्बाल आणि दुसरीकडे ईश-बोशेथ का?

उत्तर : माणूस एकच. बायबलातल्या ‘इतिहास’ या पुस्तकात (१ इतिहास ८:३३) एश्बाल हे जुने नाव टिकले आहे. ‘बाल’ म्हणजे स्वामी, पण ते कनानी देवाचेही नाव. म्हणून शमुवेलाच्या पुस्तकात त्या जागी ‘बोशेथ’, म्हणजे लाज, हा शब्द घातला गेला, असा रूढ खुलासा आहे. असे नाव त्या काळी खरेच ठेवत, याचा पुरावा इस्राएलमधल्या खिर्बेत कियाफा इथल्या उत्खननात मिळाला. तिथल्या एका मडक्यावर ‘एश्बाल बेन बेदा’ असे कोरले आहे. तो लेख २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा एश्बाल राजपुत्र नव्हे, दुसराच कोणी.

प्रश्न : आपल्याकडे ही नावे कशी आली?

उत्तर : मराठी बायबलातला यहोशवा आणि येशू हे मुळात एकच नाव. येहोशुआचे आखूड रूप येशुआ, ते ग्रीकमधून फिरून आपल्याकडे ‘येशू’ झाले. कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, मात्र हिब्रू नावे मराठी तोंडात बसवून घेतली. मुंबईत १७९६ मध्ये सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’. ‘हसाजी’मध्ये त्यातला देववाचक ‘एल’ गळाला आणि आदराचा ‘जी’ आला. आडनाव तर सरळ गावावरून पडलेले, आपल्या इतर ‘-कर’ आडनावांसारखेच.