३० हजारात घरचा कॉम्प्युटर: असेंबल, कंपनीतून आलेला जुना, की लॅपटॉप? (पुणे)

धायरीफाटा
नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर आता खरंच संपला. २०१२ मध्ये घेतलेला आय३, चार जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. सकाळी बटण दाबायचं आणि आंघोळ करून यायचं अशी परिस्थिती आहे, त्यात विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाला तेव्हापासून बँकेचं काही उघडायला पण भीती वाटते.

वापर दोघींचा. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिला ऑटोकॅड आणि थोडं पायथन. बायको घरून डीटीपी करते, श्रीलिपी (मराठी टायपिंग-फाँटचं सॉफ्टवेअर) आणि कोरल (डिझाइनचं), लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, आणि एका आजोबांचं आत्मचरित्र जे गेले आठ महिने पहिल्या नोकरीपर्यंतच आलंय. मी फक्त लाईटबिल भरतो त्यामुळे माझा विचार करू नका.

बजेट ३०, ओढूनताणून ३२, मॉनिटरसकट. आत्ताचा मॉनिटर १७ इंची चौकोनी आहे.

शनिवारी टिळक रोड आणि बुधवार पेठ पालथी घातली, तीन दुकानांत तीन तऱ्हा. पहिला म्हणतो आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी (हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क), २० इंची मॉनिटर, कीबोर्ड माऊस वायफाय सगळं मिळून १७,५००, "एकदम नवीन, सीलपॅक". दुसऱ्याने असेंबलचं (सुटे भाग जोडून) कोटेशन दिलं ४३ हजार, वर यूपीएस वेगळा, म्हणाला रॅम महाग झालीय. तिसऱ्याकडे कंपन्यांतून आलेले जुने डबे, १५ ते १८ हजार, मॉनिटर नाही. पहिला एवढ्यात देतोय तर दुसरा लुटतोय का? आणि भावजींचं एकच पालुपद, लॅपटॉप घे.

पासोड्याजवळचा
१७,५०० वाल्याला एकच प्रश्न विचारा, आय५ कुठल्या पिढीचा? आय५ हे नुसतं आडनाव झालं, जन्मसाल पुढच्या आकड्यात असतं. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल, म्हणजे तुम्ही जो टाकताय त्याच्याच वयाचा. आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. दुकानदार "आय५ आहे साहेब" म्हणून पुढे सरकतो तेव्हा समजायचं तिसरी नाहीतर चौथी.

आणि "सीलपॅक" खोटं नाही बरं का, तीच तर गंमत आहे. एच६१ नावाचे मदरबोर्ड अजून नवे कोरे मिळतात, चिपसेट २०११ चा, बनवणारी कंपनी कुठली ते देव जाणे. त्यात भंगारातून काढलेला प्रोसेसर, बिननावाची एसएसडी, आणि चमकणाऱ्या पंख्यांचं कॅबिनेट. बोर्ड नवा, डबा नवा, एक वर्ष वॉरंटी, सगळं खरं. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते यात नाही. दुकानदार पळवाट काढून ११ टाकून देतो आणि चालतंही, पण वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, मग तुम्ही परत इथेच प्रश्न विचारायला येणार.

दुसरा लुटत नाहीये. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खरंच चढलेत, एआयच्या डेटा सेंटरसाठी चिप बनवणाऱ्यांनी सगळा जोर तिकडे लावलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. त्यामुळे दीड वर्षापूर्वीचे व्हिडिओ बघून बजेट ठरवू नका.

हिंजवडी_शिफ्ट
तिसऱ्या दुकानात जा. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्या मशीन लीजवर घेतात, मुदत संपली की शेकड्याने परत जातात आणि तेच डबे फिरून पेठेत येतात. आयुष्यभर एसीत बसलेले असतात, त्यांच्यावर कोणी गेम खेळलेले नसतात. आणि मुख्य म्हणजे रॅम आतच असते, आजच्या भावात तो फायदा मोठा आहे.

मॉडेलवरून पिढी ओळखता येते. डेल ऑप्टिप्लेक्सचा आकडा ५० ने संपतो (३०५०, ७०५०) तर नको, सहावी-सातवी पिढी. ६० ने संपला तर आठवी, घ्या. एचपी एलिटडेस्क ८०० मध्ये जी३ नको, जी४ चालेल. लेनोवो थिंकसेंटर एम७१० नको, एम७२० बघा. ही सगळी दिसायला जुळी भावंडं असतात आणि भावात हजार दीड हजाराचाच फरक असतो, तिथेच लोक फसतात.

दुकानात उभं राहून काय बघायचं ते सांगतो, लाजू नका, पैसे आपले आहेत. रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाका, २.० दिसलं पाहिजे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या, एसएसडीची तब्येत आणि किती तास चाललीय दोन्ही कळतं. बंद करून चालू करा आणि बायॉसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग) जाऊन बघा, पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा कारण कंपनीचा आयटीवाला तो कुलूप काढायला विसरलाय आणि आता तो कोण कुठला. तसंच विंडोज नव्याने टाकताना इंटरनेट लावूनच टाकायला सांगा, मध्येच एखाद्या कंपनीच्या नावाचं लॉगिन पान आलं तर ते मशीन अजून त्यांच्या यादीत आहे, घ्यायचं नाही. मी स्वतः एकदा हे न बघता घेतलं, घरी आणून फॉरमॅट मारला तेव्हा समजलं. दुकानदाराने बदलून दिलं पण चार फेऱ्यांनंतर.

विंडोजचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, या मशीनचा परवाना बहुतेक वेळा बायॉसमध्येच असतो, इंटरनेट लावलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

एक वाईट बाजू पण सांगतो. यांचा पॉवर सप्लाय त्यांचाच वेगळ्या आकाराचा असतो, गेला तर तसाच शोधावा लागतो. आणि छोट्या डब्यात मोठं ग्राफिक कार्ड बसत नाही. डिप्लोमाच्या ऑटोकॅडला ते लागणार नाही, १६ जीबी रॅम मात्र असू दे.

अक्षता_सहकारनगर
मी भावजींच्या बाजूने. माझी मुलगी पण डिप्लोमाला होती, प्रोजेक्ट आला की मैत्रिणीकडे, कॉलेजच्या लॅबमध्ये, सगळीकडे लॅपटॉप न्यावा लागायचा. डेस्कटॉप घेतलात तर वर्षभरात लॅपटॉप पण घ्यावा लागेल बघा.

पासोड्याजवळचा
ताई मुद्दा बरोबर आहे पण ३० हजारात नवीन लॅपटॉप म्हणजे बहुतेक सेलेरॉन (इंटेलचा हलका प्रोसेसर) नाहीतर त्याचा चुलतभाऊ, आठ जीबी रॅम बोर्डाला चिकटवलेली, वाढवता येत नाही. त्यावर वहिनींनी दिवसभर पत्रिका लावायच्या म्हणजे डोळ्यांचं वाटोळं. घरात दोघी वापरणार असतील तर एक लॅपटॉप एकीबरोबर कॉलेजला गेल्यावर दुसरीने काय करायचं?

अक्षता_सहकारनगर
हो ते मात्र खरं, दोघींचा आहे हे मी वाचलंच नाही नीट. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट देतं ते मुलीला सांगा, कॉलेजचा पुरावा जोडून अर्ज करायचा. पायरेटेड टाकू नका, आमच्याकडे त्यातूनच व्हायरस आला होता.

जुळारी_नारायणपेठ
वहिनींच्या कामाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, मी २२ वर्षं डीटीपी करतेय.

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी फाँटचा फोल्डर अख्खा कॉपी करा. जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूर युनिकोड नसतो, तो फाँट नसेल तर आजोबांचं आत्मचरित्र नुसतं एबीसीडी आणि कंसांचा चिवडा दिसेल. श्रीलिपीचं डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) जपा, आणि तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का ते कंपनीला फोन करून आधी विचारा. पुण्यातलीच कंपनी आहे, मराठीत बोलतात. हे कॉम्प्युटर घ्यायच्या आधी करायचं, नंतर नाही. आमच्या ओळखीत एकीने आधी मशीन घेतलं आणि मग दोन महिने जुन्या-नव्या दोन मशीनवर काम करत बसली.

जुनी हार्डडिस्क डेस्कटॉपची म्हणजे साडेतीन इंची असणार, तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेलं केसिंग लागतं, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही.

पैसे वाचवायचे तर डब्यात वाचवा, मॉनिटर मात्र नवा घ्या. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल. आयपीएस नसेल तर वरून एक रंग आणि खालून दुसरा दिसतो आणि हळदीचा पिवळा छापून येतो शेवाळी. गिऱ्हाईक लग्नाच्या घरचं असतं, ऐकून घेत नाही.

हिंजवडी_शिफ्ट
+१. आणि त्या डब्यांना बऱ्याचदा एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. केबल घेताना डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी सांगा, उलटी चालत नाही. तापकीर गल्लीत मिळेल.

वीज_गुरुवारची
यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल, लेझर प्रिंटर असेल तर तो त्याला जोडू नका, चालू होताना एकदम ओढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्या मागे बघा, बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू नसलं की गुरुवारी लाईट गेली की पंखा चालू राहतो आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. आम्ही तीन वर्षं यूपीएस घ्यायचा विचार करत होतो आणि बटण मागेच होतं.

धायरीफाटा
सगळ्यांचे आभार, घेतला काल. आधी १७,५०० वाल्याकडे मुद्दाम जाऊन पिढी विचारली, तो म्हणाला "साहेब जनरेशन वगैरे आता कोण बघतं". मी म्हणलं बरं आणि निघालो.

एलिटडेस्क ८०० जी४, आय५-८५००, १६ जीबी, २५६ एसएसडी १६,८०० ला. पहिलं मशीन बायॉस पासवर्डवर अडकलं! दुकानदार ओशाळला, आतून दुसरं आणलं, त्याची एसएसडी ९१ टक्के दाखवते. पावतीवर सिरीयल नंबर लिहून घेतला, सहा महिने वॉरंटी. मॉनिटर २४ इंची नवा ८,९००, केबल ३५०, कीबोर्ड माऊस ९००. घरी इन्व्हर्टर नाही म्हणून यूपीएस २,९००. एकूण २९,८५०. श्रीलिपीला बायकोने आधीच फोन केला होता, आमची आवृत्ती जुनी आहे, अपग्रेडचे पैसे पडणार, ते ती पुढच्या दोन पत्रिकांतून काढते म्हणाली.

एकच शंका राहिली, हा डबा आडवा ठेवून त्याच्यावर मॉनिटर ठेवला तर चालेल का? टेबल लहान आहे.

हिंजवडी_शिफ्ट
चालेल, ऑफिसात तसेच ठेवायचे. फक्त पुढची मागची हवेची जाळी झाकू नका आणि त्याच्यावर पत्रिकांचे गठ्ठे रचू नका.

जुळारी_नारायणपेठ
गठ्ठे रचले जाणारच.