ट्रेलरचा टायर वाटेत बसला तर: ट्रेलर सोडायचा की जोडलेलाच ठेवायचा?

नवा_ओढणारा

एका अ‍ॅक्सलचा, बंद पेटीचा ट्रेलर आहे. भरून एकूण वजन साधारण ११०० किलो. टायर १३ इंची, चाकाला पाच नट, ट्रेलर जोडायचा गाडीमागचा बॉल ५० मिमीचा. गाडी ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना जोर असणारी. लांबचा पल्ला पहिल्यांदाच आहे, म्हणून शंका:

१. ट्रेलरचा टायर बसला तर ट्रेलर गाडीपासून सोडून चाक बदलायचं की जोडलेला ठेवून? दोन्ही सल्ले कानावर आलेत.
२. गाडीतला कात्री जॅक चालेल का? लावायचा कुठे?
३. गाडीचंच मागचं चाक गेलं तर काय वेगळं करायचं?

चौदाचा_पाना

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. चाक ट्रेलरचं असेल तर ट्रेलर जोडलेलाच ठेवा. सोडलेला एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर तीन ठिकाणी टेकलेला असतो: दोन चाकं आणि दांडीखालचं जॉकी व्हील. त्यातलं एक चाक तुम्ही जॅकवर घेता, आणि जॉकी व्हील तर कुठल्याही दिशेला वळणारं. मग धरायला उरलं काय? जोडलेला असला की गाडीचं वजन आणि हँडब्रेक त्याला पुढून धरून ठेवतात.

थांबायची जागा नटांइतकीच महत्त्वाची आहे. सपाट, कडक जमीन हवी. वळण आणि चढाचा माथा टाळा, मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसला पाहिजेत. तशी जागा अर्धा किलोमीटर पुढे असेल तर बसलेल्या टायरवर माणसाच्या चालीने तिथपर्यंत जा. टायर तसाही गेलेलाच आहे, फार तर रिमही जाईल. बसलेलं चाक रहदारीच्या बाजूला आणि कडेला जागा अरुंद, असं असेल तर तिथे चाक बदलायला बसूच नका. मदत बोलवा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. गाडीच्या मागेही नको आणि गाडी-ट्रेलरच्या मधे तर नकोच नको.

त्रिकोण ट्रेलरच्या मागे निदान ५० मीटरवर, वेगवान रस्त्यावर १०० मीटरवर ठेवा. ताशी १०० किमीने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे ५० मीटरवरच्या त्रिकोणाने तिला दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत.

आता काम. हँडब्रेक ओढा, गिअर पी वर, इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. ट्रेलरच्या दुसऱ्या, म्हणजे न उचलायच्या चाकाला पुढून आणि मागून ठोकळे लावा. मग टायर जमिनीला टेकलेला असतानाच नट पाव वळसा ढिले करा. चाक हवेत गेल्यावर नटाला जोर लावलात की चाक गरगर फिरतं आणि जॅक हलतो. बरेचजण नेमके इथे चुकतात.

जॅक अ‍ॅक्सलखाली, पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बैठकीजवळ. अ‍ॅक्सलच्या मध्यावर कधीच नाही, नळी वाकते. हवा भरलेली स्टेपनी बसलेल्या टायरपेक्षा उंच असते, म्हणून जुनं चाक निघण्यापुरतं उचलून भागत नाही, आणखी पाच-सहा सेंमी वर घ्या. काढलेलं चाक आडवं करून जॅकशेजारी चासीखाली सरकवा. जॅक घसरला तर ट्रेलर चाकावर बसेल, तुमच्या पायावर नाही.

नट बसवताना शंकूसारखी बाजू रिमकडे. सुरुवात हाताने, पान्याने नको, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. पाच नटांना चांदणी काढतो तसा एक सोडून एक असा क्रम. हलके आवळा, चाक टेकवा, मग दोन-तीन फेऱ्यांत पुरे आवळा. १२ मिमी स्टडला (नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्याला) बहुतेक ठिकाणी ९० ते १२० न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचाच्या स्टडला १२० ते १६०. ट्रेलरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

टॉर्क पाना (आवळायचा जोर मोजणारा) नसेल तर हा हिशोब: ४० सेंमी लांब दांड्याच्या टोकावर ३० किलोचा जोर दिला की साधारण ११८ न्यूटन-मीटर होतात. तोच ७० किलोचा माणूस दांड्यावर उभा राहिला तर पावणेतीनशे. त्यात स्टड ताणला जातो, आणि तो ताणलाय हे बघून कळत नाही. आट्यांना तेल-ग्रीसही लावू नका. घसरण कमी झाली की तेवढ्याच जोरात स्टडवर ताण मात्र कितीतरी जास्त येतो.

उलाळ

पानेराव, जॅकच्या जागेबद्दल थोडं थांबा. पाट्यांचा अ‍ॅक्सल असेल तरच तुमचं म्हणणं लागू, आणि तिथेही काही अ‍ॅक्सल बनवणारे अ‍ॅक्सलला जॅक लावायला मनाई करतात. एका अ‍ॅक्सलच्या छोट्या ट्रेलरांत टॉर्शन अ‍ॅक्सल बरेचदा असतो. वाकून बघा: पाटे दिसत नसतील आणि जाड नळीच्या दोन टोकांना चाकाकडे जाणारा आखूड हात असेल, तर तो टॉर्शन. त्या नळीत रबराच्या कांड्या दाबून बसवलेल्या असतात. तिथे जॅक लावून नळी वाकली की चाकं कायमची तिरकी होतात आणि टायर एका कडेने झिजत राहतात. अशा ट्रेलरला जॅक चासीच्या लांबीत जाणाऱ्या पट्टीखाली, अ‍ॅक्सल जिथे बोल्टने चासीला धरलाय त्याच्या अगदी जवळ. खात्री नसेल तर पाट्यांच्या ट्रेलरलाही हीच जागा सुरक्षित.

फक्त चासी उचलली की चाक आधी लोंबतं आणि मग जमीन सोडतं, म्हणून जॅकला उंची जास्त लागते. कात्री जॅक इथेच हरतो. वजनाला तो कमी पडत नाही: ११०० किलोतले शंभरएक किलो बॉलवर, उरलेल्या हजारातले एका चाकावर ५०० किलो. पण त्याचं डोकं गाडीच्या दाराखालच्या पातळ पत्र्याच्या कडेसाठी खाच पाडलेलं असतं. ट्रेलरच्या सपाट लोखंडावर ते नीट बसत नाही, सरकतं. दोन टनी बाटली जॅक आणि जाड फळीचा ३० सेंमी चौरस तुकडा ट्रेलरमध्ये कायमचा ठेवा. मऊ मातीत फळीशिवाय जॅक ट्रेलर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो.

आता न विचारलेलं. बॉल ५० मिमीचा म्हणता, मग कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाच्या बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, काय कोरलंय ते वाचा. ५० मिमी आणि २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी, दिसायला सारखेच. २ इंची कपलरमध्ये ५० चा बॉल ढिला राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला ठोकतो. उलट केलंत, ५० च्या कपलरमध्ये २ इंची बॉल, तर तो पुरता आत जात नाही आणि खटका मात्र लागल्यासारखा वाटतो. जोडून झाल्यावर जॉकी व्हीलने दांडी वर उचलून बघा. गाडीची शेपटी दोन-तीन सेंमी वर आली तर कपलर बसलाय. दांडी एकटीच वर आली तर नाही.

आणि वजन. मागे जड झालेली बैलगाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं, हे शेतातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ट्रेलर उलाळ झाला तर तो बॉल वर ओढतो, गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. तुमच्या ट्रेलरला बॉलवर ८० ते ११० किलो भार ठीक, पण कपलरवर आणि गाडीच्या हूकवर लिहिलेल्या दोन मर्यादांतली जी लहान ती ओलांडायची नाही. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ठोकळ्यांवर काटा ठेवून कपलर बॉलच्या उंचीला आणा, ट्रेलर समतल हवा, चाकांना ठोकळे, आणि आकडा वाचा. जड सामान अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे आणि तळाला.

ठोकळा

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही आणि खरा धोका तिथे आहे. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत पी वर टाकलं की इंजिनाकडून येणारा शाफ्ट अडतो, चाकं नाही. एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरपेटीमुळे) जमिनीवरचं चाक पुढे फिरू शकतं आणि हवेतलं तेवढंच उलटं फिरतं. म्हणजे पी चा उपयोग शून्य. बहुतेक गाड्यांत हँडब्रेकही मागच्याच चाकांवर असतो, त्यातलं एक तुम्ही उचललेलं. सगळा भरवसा एका चाकाच्या ब्रेकवर, आणि मागून ११०० किलो ढकलायला टपलेले.

म्हणून गाडीचं मागचं चाक गेलं तर उलटा नियम: ट्रेलर सोडा, पण सपाट जागीच. आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून ठोकळे, म्हणजे चार. मग जॉकी व्हील फळीवर टेकवून भार घ्या, विजेचा प्लग काढा, कपलर उचला आणि साखळ्या व आणीबाणीच्या ब्रेकची तार (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक लावणारी) सर्वात शेवटी सोडा. गाडी हात-दोन हात पुढे घ्या आणि तिच्या पुढच्या चाकांनाही ठोकळे लावा. उतारावर असाल तर सोडू नका, हळूहळू सपाटीला जा.

गाडीची स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यावर ट्रेलर ओढायचा नाही. ती ताशी ८० किमीच्या मर्यादेची आणि रिकाम्या हाताने दुकानापर्यंत पोचण्यापुरतीच असते.

नवा_ओढणारा

गाडीच्या पुढच्या चाकांनाही ठोकळे, हे डोक्यातच नव्हतं. आणखी दोन गोष्टी. चालवताना ट्रेलरचा टायर बसल्याचं कळतं का? आणि ट्रेलरसोबत आलेली स्टेपनी सात वर्षांची आहे, पण एकदाही वापरलेली नाही, खाचा कोऱ्या आहेत. चालेल?

उलाळ

नाही चालणार. रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. टायरच्या कडेवरच्या लांब क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघा: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर बदलायचा, मग खाचा कितीही कोऱ्या असोत. उन्हात टांगलेली स्टेपनी त्याआधीच तडकते, टायर वाकवून कडेवरच्या बारीक भेगा बघा.

टायर बसल्याचं एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये आरशात दिसतं, सीटवर फारसं जाणवत नाही. पेटी एका बाजूला कललेली दिसेल, कधी धूर, कधी फडफड. दर काही मिनिटांनी आरशात दोन्ही मडगार्डांची उंची बघायची सवय लावा.

फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट, सरळ. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा आणि वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा हातखटका असेल तर तो अलगद वापरा, त्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. झोके सुरू झाले तरी हेच. प्रत्येक झोक्याला उलट स्टिअरिंग फिरवणारे झोका वाढवतात.

प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना हवा भरा. ५० पीएसआयच्या टायरात दर १० अंशांना साधारण २ पीएसआय फरक पडतो. म्हणून वाटेत गरम टायरात आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, तापतो आणि मग फुटतो. बहुतेक "अचानक फुटलेले" टायर असे तास-दोन तास तापत आलेले असतात.

चौदाचा_पाना

चाक हवेत आहे तोवर एक काम करून घ्या. स्टेपनी लावल्यावर, चाक टेकवण्याआधी, ती वर आणि खाली अशी दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) हात लावता येणार नाही इतका तापला असेल तर टायर हे कारण नव्हतं, परिणाम होता. तसंच पुढे गेलात तर दुसरा टायरही जाईल. फुटलेल्या टायरचे चाबूक मडगार्ड आत दाबतात आणि दिव्यांच्या वायरी तोडतात, म्हणून निघण्याआधी मडगार्ड नव्या टायरला घासत नाही ना आणि ब्रेकचा दिवा लागतो ना, दोन्ही बघा.

नट पुन्हा आवळा: साधारण १५ किमीवर, मग ४० वर, मग ८० वर. अलॉय रिम असेल तर हे चुकवूच नका, नवीन बसलेलं रिम थोडं दबतं आणि नट सैलावतो.

ठोकळा

आणि ट्रेलरच्या नटाला पान्याची कुठली गोटी (सॉकेट) लागते ते निघण्याआधीच लावून बघा. गाडीचा पाना १९ चा आणि ट्रेलरचे नट २१ चे निघाले, तर वर लिहिलेलं सगळं पाठ असूनही पहिला नटसुद्धा हलायचा नाही.